टीचरचं फियांब्र आणि आमचा शिवराक फ्रीज

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही स्वयंपाकाच्या कॉलेजात. त्याला कॉलेज म्हणावं की नाही, याबद्दल घरच्यांचं अजून नीट ठरलेलं नाही. त्यातून मला लिहायचं आहे ते डुकराच्या शिजवलेल्या मांडीबद्दल. ज्याने ती खाल्ली आहे त्याने त्याबद्दल लिहावं, असं कोणी म्हटलं तर मला ते मान्य आहे. मी ती खाल्लेली नाही. मी ती फक्त थंड केली आणि सांभाळली. तेवढ्यापुरतंच लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं घर गोव्यात, डिचोलीकडच्या लाटंबार्श्याला. पुढे रस्ता, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आणि बागेच्या पलीकडे टीचरचं घर. वाड्यावर ख्रिश्चनांचं तेवढं एकच घर आहे. टीचरनी आमच्या शाळेत वाड्यावरच्या सगळ्यांना शिकवलं, माझ्या बाबांनासुद्धा थोडंफार. आता त्या निवृत्त आहेत आणि एकट्या राहतात. घरी कोकणी बोलतात, पण माझ्याशी अजून शाळेतल्या मराठीतच बोलतात. मीही त्यांच्यासमोर अजून ताठ उभा राहतो. सवय आहे.

हॉटेलचं शिक्षण घ्यायची कल्पना त्यांचीच. त्या आमच्या पायऱ्या चढून बाबांना सांगायला आल्या तेव्हा बाबा म्हणाले, "टीचरबाय, रांदूक शिकाक कॉलेज कित्याक? ह्याची आवय घरातच शिकयतली."

"ती शिकवेल," टीचर म्हणाल्या, "पण तिच्याकडून शिकून हा तुम्हालाच जेवायला घालणार. कॉलेजात शिकला तर दुसऱ्यांना घालेल."

बाबांनी विचार केला आणि मला कॉलेजात पाठवलं.

टीचरना एक मोठा भाऊ आहे, म्हापशाकडे राहतो. त्यांची आई गेली तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं. आईला शेवटच्या आजारात हॉस्पिटलात न्यावं असं भावाचं म्हणणं होतं. आईला घरीच राहायचं होतं, आणि टीचरनी तिचं ऐकलं. कोण बरोबर होतं ते मला माहीत नाही. पहिल्या नाताळाला टीचरनी भावाला बसवाल्याबरोबर स्टीलचा डबा भरून गोड पाठवलं. डबा परत आला. घासून, पुसून, रिकामा.

आमच्या भागात शेजाऱ्याचा डबा कोणी रिकामा परत करत नाही. काही नसलं तर दोन आमसुलं घालतात, तीही नसली तर चार मिरच्या, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. हे कोणी शिकवत नाही. रिकामा डबा हा निरोप असतो, आणि तो सगळ्यांना वाचता येतो. टीचरनी तो डबा माडीवर ठेवून दिला आणि पुन्हा वापरला नाही. हे मला आईकडून कळलं. आईला तो डबा कुठे ठेवलाय हेसुद्धा माहीत होतं.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यानंतर कुठल्याशा नातेवाइकाच्या मरणाला दोघं भावंडं इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर समोरासमोर आली. टीचर म्हणाल्या, नाताळाला जेवायला ये. भावाने चपलांकडे बघितलं. मग म्हणाला, "मांयसारखं फियांब्र करणार असशील तर बघू."

फियांब्र म्हणजे मीठपाण्यात खारवून मग अख्खी शिजवलेली डुकराची मांडी. आमच्या कॉलेजात तिला हॅम म्हणतात. त्यांची आई दर नाताळाला ती करायची. ती गेल्यावर त्या घरात कोणी केली नव्हती.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक 'नाही'. आईने टीचरना तसं सांगितलंही. टीचर म्हणाल्या, "वर्गात मुलगा गप्प बसला तर त्याला येत नसतं, बाय. 'बघू' म्हणाला तर निदान त्याने पुस्तक तरी उघडलेलं असतं."

त्यांनी डिचोलीच्या बाजारातून मांडी आणवली. आपल्या फ्रीजमधल्या सगळ्या फळ्या काढल्या आणि मीठ, सोरा, लिंबू घातलेल्या पाण्यात ती खारवायला ठेवली. मी सुट्टीत घरी आलो की मला बोलावून दाखवायच्या. वर पाटा ठेवून ती दाबलेली असायची. टीचर रोज ती उलटी करायच्या, आणि उलटी करताना तिच्याशी थोडं बोलायच्या. मी ते ऐकलं नाही असं दाखवायचो.

खारवून झाली आणि फ्रीजने मान टाकली. मेस्त्री येऊन मागे कान लावून गेला. म्हणाला, नाताळचं फेस्त झाल्यावर येतो, आता सगळ्यांचेच बंद पडलेत.

खारवलेली मांडी लगेच शिजवता येते, फ्रीज लागत नाही. अडचण त्यापुढची होती. शिजवलेली एवढी मोठी वस्तू थंड करून नाताळच्या दुपारपर्यंत थंड राहायला हवी. भाऊ त्यांच्या आईच्या हातचं जेवला होता ते गार, पातळ कापलेलं. गरम वाढलं असतं तर ती दुसरीच काहीतरी वस्तू झाली असती. आणि वाड्यावर एवढी वस्तू मावेल असा फ्रीज एकच होता, आमचा.

आमच्या फ्रीजबद्दल सांगायला हवं. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली तेव्हा त्यांनी रस्त्याकडेला थंड पेयं विकायचं ठरवून एक उभा, काचेच्या दाराचा फ्रीज आणला. धंदा चालला नाही, फ्रीज चालला. तेव्हापासून तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्यामुळे आमच्या घरात आज काय आहे आणि काय संपलंय हे पाहुण्याला दार न उघडता कळतं. आई म्हणते, लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. पण भोपळा खराब व्हायला लागला की ती तो मागच्या रांगेत सरकवते.

आणि मार्गशीर्ष चालू होता. मार्गशीर्षाचा सगळा महिना आईचा शिवराक असतो. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही. फ्रीजमध्ये दूध, दही, खोवलेलं खोबरं, देवीच्या नैवेद्याचं सामान. त्यात त्या वर्षीचा नाताळ पडला सोमवारी, आणि सोमवारी तर आमच्याकडे बारा महिने शिवराक.

टीचरना हे सगळं माहीत होतं. त्यामुळे त्या विचारायला आल्या आणि त्यांनी विचारलंच नाही. पायरीवर बसून त्यांनी आईला सुपारीबद्दल विचारलं, गाईबद्दल विचारलं, माझं वजन कमी झालंय का ते विचारलं. स्वयंपाकघरातून फ्रीजचा घर्र आवाज येत होता. दोघीही तो ऐकत होत्या.

शेवटी आई म्हणाली, "टीचरबाय, तुमचो फ्रीज बंद पडलो म्हणतत."

"पडला, बाय."

"मगे ता कितें ठेवतलात खंय?"

आई त्या वस्तूचं नाव घेत नव्हती. सबंध प्रकरणात तिने एकदाही घेतलं नाही.

"बघू," टीचर म्हणाल्या.

आई उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली ती पदराला हात पुसत. मला म्हणाली, "बाबाक हाक मार. फ्रीज भायर काडाचो आसा."

तिचा हिशोब सरळ होता. ती वस्तू शिवराक घरात येऊ शकत नाही. पण फ्रीज घराबाहेर जाऊ शकतो. दूध-दही आत राहील, फ्रीज कुळागरातल्या पंपाच्या शेडात जाईल, मग त्यात काय आहे त्याचा आमच्या घराशी संबंध नाही. कॉलेजात मी एवढ्या साध्या वाक्यात सोडवलेली अडचण पाहिलेली नाही.

बाबा आणि मी फ्रीज दोरीने बांधून ढकलत नेला. बाबा म्हणाले, "लोक डुकर घराभायर ठेवतत. आमी फ्रीज ठेवतो."

"काच बगा," आई मागून म्हणाली. "आनी वयर कायतरी घाला. येतो-जातो बगीत."

शेडात प्लग होता. फ्रीज चालू झाला. आईने काचेच्या दारावर जुन्या साडीचा पडदा लावला. फ्रीज आता एखाद्या देवासारखा दिसत होता, पण हे मी बोललो नाही.

आदल्या शनिवारी सकाळी टीचरनी चुलीवर मोठ्या टोपात मांडी शिजवली. मिरी, लवंगा, तमालपत्र, थोडी फेणी. मी कॉलेजच्या पेटीतलं थर्मामीटर घेऊन गेलो होतो. ते एका लांब सुईसारखं असतं, मांसात टोचून हाडाजवळचा आकडा वाचायचा. टीचरनी टाचणी टोचावी तशी लोखंडी सळी टोचली, बाहेर काढून ओठांच्या वर धरली आणि म्हणाल्या, झालं. मीही टोचून बघितलं. झालं होतं.

"आता?" त्या म्हणाल्या. "मांय ह्याच पाण्यात रात्रभर ठेवायची. जनेलात, खिडकीच्या वाऱ्याला. वर ओलं फडकं."

मी जरा अडखळलो. टीचरना चूक म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, पाण्यात ठेवायचं ते बरोबर आहे टीचर, नाहीतर कोरडं पडतं. पण रात्रभर नको. शिजलेलं मांस कोमट राहतं तेव्हाच धोका असतो. गरम चालतं, थंड चालतं, मधलं जितक्या लवकर पार होईल तितकं बरं.

"मधलं वाईट," टीचर म्हणाल्या. "हे तुझ्या सरांनी सांगितलं?"

"हो."

"शहाणा माणूस आहे."

त्यांच्या विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी दोण आहे. गुरं आता नाहीत. मी ती घासून विहिरीच्या पाण्याने भरली आणि आम्ही दोघांनी तो टोप आत उतरवला. दोणीतलं पाणी गरम झालं की उपसून टाकायचं, नवं ओढायचं. टीचर आतलं पाणी डावाने हळूहळू हलवत होत्या, म्हणजे कढत रस्सा एका जागी बसू नये. कावळे माडावर येऊन बसले. टीचरनी एक छत्री उघडून टोपावर धरली.

तेवढ्यात बाबा पाटाचं पाणी बघायला आले. छत्रीखालच्या टोपात डोकावले.

"शिजला नाय?"

"शिजलं, भाऊ," टीचर म्हणाल्या.

"मगे खायत कित्याक नाय? न्हाणयतात कित्याक?"

मी समजावून सांगितलं. लगेच कापलं तर सगळा रस वाहून जातो आणि मांस फाटतं. आधी विसावू द्यायचं, मग थंड होऊ द्यायचं, मग पातळ काप निघतात. बाबांना पटल्यासारखं दिसलं नाही. ते वर गेले आणि त्यांनी आईला सांगितलं असावं, कारण आई कुळागराच्या कडेला येऊन उभी राहिली, लांबच.

"वडयेसारक्या," ती तिथूनच बाबांना म्हणाली. "गरम वडी कापली तर मोडता. थापून थंड करूक होयी. तुमका कितें कळता?"

बाबा गेले. मी माझ्या परीक्षेत हे उत्तर याहून लांब लिहिलं होतं.

कोमट झाल्यावर मांडी बाहेर काढली आणि जाळीवर ठेवली. ओली असतानाच घट्ट गुंडाळली तर आत वाफेचं पाणी साठतं आणि बुळबुळीत होतं, म्हणून आधी वारा लागू दिला. वरची सगळी वाफ गेली तेव्हा टीचरनी एक पांढरं सुती फडकं काढलं, माडाच्या सुरेच्या शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, आणि पाण्यात बुडवून पिळलं आणि मांडी त्यात बांधली. फडक्यामुळे ती सुकत नाही आणि श्वासही घेते. प्लास्टिकमध्ये गुदमरते. फडकं रोज काढून पुन्हा शिरक्याच्या पाण्यातून काढायचं. हे दोन्हीकडे सारखंच होतं, टीचरच्या आईकडे आणि माझ्या कॉलेजात, त्यामुळे आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

ते गाठोडं मी खांद्यावर घेऊन कुळागरातून निघालो. वाटेत वाड्यावरची एक काकी भेटली.

"काय रे, कोहळो काय?"

मी गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आई शेडाच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "वजनाक कोहळ्यासारकोच आसा."

"मगे वडये घाल," काकी म्हणाली आणि गेली.

आई खोटं बोलत नाही.

संध्याकाळी मी सुई टोचून बघितली. हाडाजवळ तीन डिग्री. पाचच्या खाली हवं असतं. मी टीचरना खाली जाऊन सांगितलं. त्यांनी मला चहा दिला आणि माडीवरून तो डबा खाली आणलेला मला दिसला. धुऊन उन्हात ठेवला होता. 

दुसऱ्या दिवशी रविवार. मला दुपारच्या बसने केरीला जायचं होतं. तिथे समुद्राकाठच्या एका हॉटेलात माझं प्रशिक्षण होतं, आणि हॉटेलवाल्यांना नाताळात सगळी मुलं लागतात. निघण्यापूर्वी फडकं बदलावं म्हणून शेडात गेलो.

शेडात शांतता होती.

फ्रीजचा आवाज नसला की ते कळायला जरा वेळ लागतो. आधी वाटतं, आज किती छान शांत आहे. मग मी पडदा बाजूला केला. आतला दिवा बंद.

बाबा सकाळी पोफळींना पाणी लावतात. पाणी लावून झालं की पंप बंद करतात, आणि पंप बंद करताना शेडाचा मोठा खटका खाली ओढतात, म्हणजे पंप जळू नये. जेव्हापासून पंप आहे तेव्हापासून ते तसंच करत आलेत. त्या दिवशीही हात आपला वर गेला आणि खटका ओढून आला. हाताला फ्रीजबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

"केव्हा बंद केलात?" मी विचारलं.

"पाणी लावन झाला तेवा."

"पण केव्हा?"

बाबांनी आकाशाकडे बघितलं. "वत माडार नव्हता. नाय, इल्ला आसलेला." म्हणजे ऊन माडावर आलं नव्हतं, किंवा थोडं आलं होतं.

मी सुई स्पिरिटने पुसली आणि टोचली. बाहेरच्या बाजूला आठ, हाडाजवळ सहा.

आमच्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात पाच हा आकडा लिहिलेला आहे. तो कोणी पुसत नाही. आणि आम्हाला हेही शिकवलंय की किती वेळ बंद होतं ते सांगता येत नसेल, तर शंकेचा फायदा मांसाला द्यायचा नाही. टाकायचं. परीक्षेत मी तसंच लिहिलं होतं आणि मला पूर्ण मार्क मिळाले होते.

मी खटका वर केला आणि टीचरकडे गेलो. त्या मेजावर पांढरी चादर घालत होत्या. दोनच कदेलं, म्हणजे खुर्च्या, मांडली होती, समोरासमोर. मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी चादरीची एक सुरकुती हाताने सपाट केली. ती पुन्हा वर आली.

"तुझे सर काय म्हणतील?"

"टाका म्हणतील बहुतेक."

"आणि तू?"

"मला वाटतं ठीक आहे, टीचर. एवढी जाड वस्तू, दार बंद, बाहेर हवा थंड. फार वेळ झाला असता तर आकडा अजून वर गेला असता. शिवाय खारवलेलं आहे. पण हे मला नुसतं वाटतं. मला वाटतं म्हणून कोणी जेवावं असं नाही."

"तू खाशील?"

"टीचर, मी डुकराचं खात नाही."

त्या मग हसायला लागल्या. बराच वेळ हसल्या, आणि हसताहसता डोळे पुसले. मी मात्र प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

"पुता," त्या म्हणाल्या, "त्याला वर्षानुवर्षं वाटतंय की माझ्यामुळे मांय गेली. उद्या तो इथे जेवून आजारी पडला तर?"

तेव्हा मला कळलं की त्यांना भीती होती ती तो येणार नाही याची नव्हती.

मी सरांना फोन केला. सर म्हणाले, आज सुट्टी आहे. मी म्हणालो, हो सर. मग त्यांनी विचारलं, पूर्ण शिजलं होतं का, काल किती उतरलं होतं, आता आत किती, बाहेर किती, सकाळपासून दार उघडलं होतं का. मी सांगितलं. सर म्हणाले, काल रात्री चालू होतं हे नक्की ना? मी म्हणालो, रात्री झोपण्याआधी बाबांनी पडदा बाजूला करून दिवा बघितला होता, आणि पहाटे पंप लावला तेव्हाही चालू होतं. "मग टाकू नको," सर म्हणाले. "लगेच बर्फात घाल. पाचच्या खाली आण. उद्या वाढायच्या वेळीच काप, आणि उरलेलं परत ठेवू नको, त्याच दिवशी उकळून घ्या. आणि तो खटका बांधून टाक."

बर्फ मासळीवाल्याकडेच मिळणार होता. बाबांनी स्कूटर काढली. येताना पायांत गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती. वाड्यावर कोणीतरी त्यांना मासळी कुठे म्हणून विचारलं, "बर्फ हाडलो आनी नुस्तां नाय?" बाबा म्हणाले, "मार्गशीर्ष न्हय रे." विचारणाऱ्याला त्यातून काय समजलं ते देवाला ठाऊक.

बर्फाला मासळीचा वास होता. म्हणून मांडी आधी फडक्यात, मग स्वच्छ पिशवीत घालून, एकदाच प्लास्टिकमध्ये जाऊ दे म्हणत, टबात बर्फाने झाकली. मी दुपारची बस सोडली, नंतरची धरली. निघताना आकडा चार होता. बाबांनी खटका सुतळीने बांधला, गाठीवर गाठ मारली, आणि मी जाईपर्यंत तिथेच बसून राहिले. आई म्हणाली की मी गेल्यावरही ते बसून होते.

केरीला खाडीच्या तोंडाशी फोन कधी गोव्याचा टॉवर पकडतो, कधी पलीकडच्या महाराष्ट्राचा, बहुतेक वेळा कुठलाच नाही. नाताळच्या दुपारी मी बुफेच्या टेबलामागे पांढरी टोपी घालून उभा होतो आणि हॅम कापत होतो. पातळ काप, तिरके, सुरी लांब ओढून. पाहुणे थाळी पुढे करत, मी वाढत होतो. एकाने विचारलं, छान आहे का? मी म्हणालो, व्यवस्थित थंड केलेलं आहे, सर. प्रत्येक कापाबरोबर मला लाटंबार्श्याच्या मेजावरची दोन कदेलं दिसत होती, आणि त्यातल्या एकावर कोणी बसलंय की नाही ते दिसत नव्हतं.

आईचा फोन लागला तोवर नाताळ होऊन गेला होता.

आई म्हणाली, फ्रीज परत आत आणला. गोमूत्र शिंपडलं, मग साबणाने धुतला, मग पुन्हा गोमूत्र शिंपडलं. गाय पाय दुखवून घेऊन आलीय. काकीने कोहळ्याच्या वड्या झाल्या का म्हणून विचारलं. तिला काय सांगायचं ते मी येऊन सांगावं. बाबा पंप बंद करायला जातात आणि सुतळी सोडवत बसतात, कापून टाका म्हटलं तर कापत नाहीत.

"आई, टीचरकडे..."

"टीचरबायची गजाल सांगू नको," आई म्हणाली. "आमचो मोठो डबो गेलो."

"म्हणजे?"

"सोमवार म्हणान मिया भाजयांचां खतखतां केलेलां. टीचरबाय एकटी म्हणान मोठो डबो भरून धाडलेलंय. तर तो आयलो."

"कोण, डबा?"

"डबो खंयचो येता? तिचो भाव. आयलो, जेवलो. तुमचा ता कितें जेवलो, आनी माझां खतखतां दोनदा घेतल्यान म्हणे. मगे ता जां हाड उरलां, ता सूप करूक होया म्हणान टीचरबायन तेका बांदून दिलां. कशात? आमच्या डब्यात. आमच्या शिवराकाच्या डब्यात!"

"त्यांचा डबा होता ना? माडीवरचा?"

"तो तिणी तेका दिलो नाय," आई म्हणाली. "भिली आसतली."

मला ते कळलं. तो डबा दुसऱ्यांदा रिकामा आला असता तर तो ठेवायला माडीवरसुद्धा जागा नव्हती. आमच्या डब्याच्या बाबतीत तसं काही नव्हतं. तो नुसता डबा होता.

"तो आजारी नाही ना पडला?"

"म्हापशाक जावन पडलो तर माका कितें कळता?" आई म्हणाली, आणि टॉवर गेला.

त्यानंतर मी रोज फोन करत होतो. डबा आला नव्हता. नवं वर्ष लागलं, डबा आला नव्हता. आई म्हणाली, टीचरबाय सकाळी पोदेराकडून पाव घेताना उगाच रस्त्याकडे बघत उभी राहते. एकदा कळलं, टीचरनी आमच्यासाठी नवा डबा आणून दिला, पण आईने तो परत पाठवला, काळजी करू नका म्हणून. भरून पाठवला, अर्थातच.

सहा जानेवारीचं तीन राजांचं फेस्त झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी किचनच्या मागे कांदे सोलत होतो तेव्हा फोन वाजला. आई सरळ बोलायला लागली, नमनाशिवाय, आणि त्यावरूनच मला कळलं.

"डबो आयलो."

"कोणी आणला? बसवाला?"

"बसवालो कित्याक? तोच घेवन आयलो. टीचरबाय आनी तो, दोगांय आमच्या पायरेर. मिया चाय केलंय."

माझ्या डोळ्यांत कांदा गेला होता. मी विचारलं, "आणि डब्यात?"

"केळीं," आई म्हणाली. "मयड्याचीं, म्हापशाकडचीं. आडवीं घातल्यान तरी झांकण लागना, इतकीं."